लेखनगटातील सराव : दहा महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीतील आमच्या छोट्या लेखनगटाने गेल्या जूनपासून या मार्चपर्यंत, महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी संध्याकाळी, एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बसून सर्जनशील लेखनाचे निरनिराळे सराव केले. दिवाळीतली आणि परीक्षांच्या काळातली बैठक वगळता अठरा बैठका झाल्या. सुरुवातीला आम्ही पंधरा जण होतो, आता अकरा उरलो आहोत. गटात निवृत्त शिक्षक आहेत, औषधांचे दुकान चालवणारे एक गृहस्थ आहेत, सत्तरी ओलांडलेल्या दोन आजी आहेत आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या दोघी मुली आहेत. त्याआधीची चार वर्षे आमची पद्धत अगदी साधी होती : घरून लिहून आणायचे, वाचून दाखवायचे, ‘छान’ ऐकायचे आणि चहा घेऊन घरी जायचे. त्या पद्धतीत कोणाचेही लेखन तसूभर हलले नाही, हे मान्य केल्यावरच आम्ही सरावांकडे वळलो. गट चालवणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून, काय टिकले आणि काय टाकून द्यावे लागले, ते येथे नोंदवत आहे.

पहिली चूक आमचीच. आम्ही पैसे देऊन एक तयार विषयसंच घेतला. त्यात शेकडो विषय होते, मराठीत होते, पण ते मराठीत जन्मलेले नव्हते. ‘पोटमाळ्यावर सापडलेली जुनी पेटी’, ‘शेकोटीजवळ गोष्ट सांगणारे आजोबा’, ‘पहिल्या बर्फवृष्टीचा दिवस’ असे विषय समोर आले की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्वतःचे घर येतच नसे, कोठेतरी पाहिलेल्या चित्रपटातले घर येई. ‘तुमच्या बालपणीची एक आठवण लिहा’ यासारखे मोकळे विषय तर त्याहून वाईट ठरले, कारण पंधरापैकी नऊ जणांनी आंब्याचे झाड, आजीची गोधडी आणि मामाचा गाव एवढ्यातच काम उरकले. तिसऱ्या बैठकीनंतर तो संच कपाटात गेला.

न थांबता लिहिण्याचा सराव मात्र आजतागायत टिकून आहे. पीटर एल्बो या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७३ साली शिक्षकाविना चालणाऱ्या लेखनगटांसाठी जी पद्धत मांडली, तिचा हा पाया : दहा मिनिटे लेखणी उचलायची नाही, खोडायचे नाही, सुचले नाही तर ‘सुचत नाही’ असेच लिहीत राहायचे. मराठीत याला एक खास अडथळा आला. आमच्यातील दोघे निवृत्त शिक्षक प्रत्येक इकाराशी थबकत आणि पहिली की दुसरी याचा निकाल लागल्याशिवाय पुढे जात नसत. शिवाय शब्द लिहून झाला की वर रेघ ओढण्यासाठी हात मागे येतो, आणि त्या क्षणात मनातला परीक्षक जागा होतो. म्हणून आम्ही दोन सवलती जाहीर केल्या : शिरोरेघ द्यायची नाही आणि ऱ्हस्वदीर्घाची चूक मोजायची नाही. गटातील मोडी वाचणाऱ्या एका सदस्याने तेव्हा आठवण करून दिली की मोडी लिहिणारे कारकून आधी ओळभर रेघ ओढून मग तिला अक्षरे लटकवीत, ते याच घाईपोटी. ही सवलत मिळाल्यावर एका बैठकीत साधारण पाऊण पान लिहिणारे सदस्य सव्वा पानापर्यंत पोहोचले. त्यातले बहुतेक टाकाऊच असते, पण शेवटच्या दोन-तीन ओळींत कधीतरी असे काही निघते की जे ठरवून लिहिता आले नसते. आम्ही तेवढ्याच ओळी वाचून दाखवतो, बाकीचे पान कोणी मागत नाही.

आता ज्या सरावासाठी मुख्यतः हे लिहायला घेतले, त्याकडे येतो. जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने १९६९ साली रोमन लिपीतले ‘e’ हे अक्षर एकदाही न वापरता संपूर्ण कादंबरी लिहिली, हे आमच्यातील एका मुलीने वाचले होते आणि आपणही तसे करावे असा तिचा आग्रह होता. देवनागरीत एखादा स्वर गाळणे हा नुसता मात्रा मोजण्याचा खेळ होतो, त्यातून काही निघाले नाही. मात्र आमच्याकडे याहून जुने आणि जिभेला थेट लागणारे बंधन आहेच. दंडी या संस्कृत लेखकाच्या दशकुमारचरितात दहा कुमारांपैकी एक जण आपली हकीकत प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य, म्हणजे ओठ मिटून उच्चारायची, व्यंजने टाळून सांगतो, कारण प्रियेच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखत असतात. मोरोपंतांनी रचलेल्या अनेक रामायणांत एक निरोष्ठ रामायणही आहे. आम्ही तोच नियम गद्याला लावला : अर्धा तास, एक परिच्छेद, आणि वाचताना ओठ मिटले की शेजाऱ्याने टेबलावर टिचकी मारायची.

पहिल्या दिवशी टिचक्यांनी टेबल दणाणले. पाणी गेले, भाकरी गेली, बाप, भाऊ, बहीण सगळे गेले. आई, आजी, काका आणि वडील तेवढे राहिले. ‘पण’ गेले आणि त्याचा पर्याय म्हणून सुचणारे ‘परंतु’ही गेले. ‘म्हणाला’ गेल्यामुळे प्रत्येक संवादापाशी लेखक अडून बसू लागला. सांगली आणि सातारा लिहिता येत होते, मिरज आणि कोल्हापूर नाही. कृष्णा लिहिता येते, तिचा पूर लिहिता येत नाही. हळद चालते, तिचा बाजार चालत नाही, आणि भडंग तर पहिल्याच अक्षराला अडले.

गंमत येथवर झाली. खरा परिणाम कोणाच्याच ध्यानात आधी आला नव्हता. म या अक्षराबरोबर ‘मी’, ‘माझे’, ‘मला’ आणि ‘आम्ही’ हे सगळेच हद्दपार झाले होते. चार वर्षे ज्यांनी प्रथमपुरुषाखेरीज एकही ओळ लिहिली नव्हती, त्यांना स्वतःबद्दल लिहायचे तर ‘ती’ किंवा ‘तो’ म्हणून लिहिणे भाग पडले. औषधवाल्या गृहस्थांनी ‘सदर इसम’ अशी सरकारी पळवाट काढून पाहिली, पण इसमातच म असल्याने तेही टिचकीत सापडले. एका आजींनी लिहिले : ‘आजी चुलीशी वाकली होती. दारातून गार वारा आत आला, राख उडाली, तिच्या केसांत जाऊन वसली. कोण आहे, तिने विचारले. उत्तर आले नाही.’ याच आजी एरवी आपल्या एकटेपणाविषयी पानेच्या पाने लिहीत आणि ऐकणारे सहानुभूतीने माना डोलावत. त्या दिवशी कोणी मान डोलावली नाही, कारण सगळे दाराकडे पाहत होते. हा सराव आम्ही चार वेळा केला. पाचव्यांदा केला असता तर ती कसरत झाली असती, असे माझे मत आहे. चौथ्या वेळीच काही जण चलाखी दाखवण्यासाठी लिहू लागले होते.

समस्यापूर्तीही अशीच घरची. अखेरचा चरण आधी द्यायचा आणि कवीने त्याच्यापर्यंत येणारा श्लोक रचायचा, ही संस्कृत सभांतली जुनी रीत. पायऱ्यांवरून गडगडत गेलेल्या घागरीच्या ‘ठठंठठंठं’ आवाजावर कालिदासाने श्लोक पूर्ण केल्याची आख्यायिका बऱ्याच जणांनी शाळेत ऐकलेली असते. आम्ही चरणाऐवजी एक वाक्य देतो, आणि ते मुद्दाम कोरडे देतो : ‘म्हणून त्या दिवशी दुधाला विरजण लागले नाही.’ वाक्य जितके काव्यात्म, तितके त्याच्या आधीचे लेखन फुसके होते, हा आमचा अनुभव. कथेचा शेवट हाती असल्याने नवख्यांना धीर येतो आणि सराईतांना मात्र शेवट आधीच फोडून टाकण्याचा मोह आवरावा लागतो. हा सराव महिन्यातून एकदा केला तरी चालतो, त्याचा कंटाळा येत नाही.

साखळी-गोष्टीने मात्र आमची निराशा केली. एकाने चार ओळी लिहायच्या, कागद दुमडायचा, फक्त शेवटची ओळ दिसेल असा पुढे द्यायचा. पॅरिसमधील अतिवास्तववादी कवी-चित्रकारांनी १९२५ च्या सुमारास खेळलेल्या खेळाचे हे वंशज. आमच्याकडे चौथ्या हातापर्यंत कोणीतरी मरे, सहाव्या हाताला ते स्वप्न ठरे. मरण आणि स्वप्न या दोहोंवर बंदी घातली, तर भूत आले. तीन प्रयत्नांनंतर आम्ही तो नाद सोडला. हसण्यासाठी ठीक आहे, वर्षअखेरीच्या बैठकीत खेळावा.

ऑगस्ट २०१९ चा महापूर हा विषय सांगलीत टाळता येत नाही, आणि तो नुसता दिला की सगळे एकच पूर लिहितात : आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी, धोक्याचे ४५ फूट ओलांडल्याची बातमी, बोटी, अन्नाची पाकिटे. म्हणून जानेवारीत नियम असा ठेवला की ‘पाणी’ आणि ‘पूर’ हे शब्द वापरायचे नाहीत आणि घरातली एकच वस्तू निवडायची. एका सदस्याने, जे आठवडाभर वरच्या मजल्यावर अडकले होते, गॅसचा रिकामा सिलिंडर लिहिला. तो खालच्या मजल्यावर तरंगत जाऊन छताला लागला होता आणि रात्रभर त्यांच्या झोपेखालून ठक, ठक करत होता. चौथ्या रात्री आवाज थांबला, तेव्हा घरातले सगळे उठून बसले. दीड पानात एवढेच होते. त्यांनी हा प्रसंग याआधी दोनदा लिहून वाचला होता, दोन्ही वेळा शासन, नियोजन आणि माणुसकी यांवर, आणि सिलिंडर त्यात कोठेच नव्हता.

सरावाइतकाच वेळ प्रतिसादाला द्यावा लागतो, हे आम्हाला उशिरा कळले. आमच्या गटात एकवीस वर्षांच्या मुलीने अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सरांना ‘दुसरा परिच्छेद मला लागला नाही’ असे सांगणे जवळजवळ अशक्य होते. नावे न घालता कागद गोळा केले, पण हस्ताक्षर लगेच ओळखू येई. अखेर असे ठरले की सगळे कागद एकाच व्यक्तीने, एकाच स्वरात वाचायचे, लेखकाने तोपर्यंत ओळख द्यायची नाही आणि ऐकणाऱ्यांनी निर्णय न देता फक्त ऐकताना मनात काय घडले ते सांगायचे. हेही एल्बो यांचेच सूत्र. ‘छान’, ‘भावले’ आणि ‘काळजाला भिडले’ या तीन शब्दप्रयोगांना बंदी आहे. चुकल्यास पुढचा चहा त्याच्याकडून. त्यामुळे पहिले दोन महिने चहाची कधी वानवा पडली नाही. जे चार जण गट सोडून गेले, त्यांतील दोघांना हीच पद्धत रुचली नाही, आणि त्यांची बाजू अगदीच चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. दिवसभराच्या कामानंतर कौतुकाचे दोन शब्द ऐकायला येणे हीही गटात येण्याची एक रास्त गरज असते, आणि तिच्यासाठी आमच्याकडे आता जागा राहिलेली नाही.

त्रुटी आणखीही आहेत. अर्ध्या तासाच्या सरावातून परिच्छेद घडतात, कथा घडत नाही; दहा महिन्यांत आमच्यापैकी केवळ तिघांनी सरावातला तुकडा घरी नेऊन पूर्ण केला. कवींना यातून फारसे मिळाले नाही. अपवाद जात्यावरच्या ओवीच्या सरावाचा, आणि त्यातही ‘पहिली माझी ओवी’ म्हणताच दोघी आजी न मोजता, नुसत्या कानावर, पाच-पाच ओव्या रचून मोकळ्या झाल्या आणि आम्ही बाकीचे बोटांवर मोजत बसलो.

नव्या गटाने सुरुवात करायची असेल तर पहिल्या दोन बैठका न थांबता लिहिण्याला द्याव्यात, तिसरीत समस्यापूर्ती घ्यावी आणि निरोष्ठ लेखन सहाव्या बैठकीपूर्वी काढू नये. आम्ही ते चौथ्याच बैठकीत काढले. त्या संध्याकाळी एक सद्गृहस्थ ‘मी’ लिहिता येत नाही असे कळल्यावर वही मिटून उठले, ते पुन्हा आले नाहीत.