घरची पहिली बियर: डब्याचं किट की थेट धान्य?

मी दोन्ही केलंय आणि दोन्हीत एकेक अख्खी बॅच घालवलीय, म्हणून जे पहिल्यांदाच करणारेत त्यांच्यासाठी लिहितोय. मी इंग्लंडात राहतो, इथे १९६३ पासून स्वतःपुरती बियर करायला लायसन लागत नाही, फक्त विकायची नाही. महाराष्ट्रात तसं नाहीये, तिथे १९४९ चा दारूबंदीचा कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी दारू करणं गुन्हा आहे, तेव्हा तिकडे कुणी हे करून बघू नका.

किट म्हणजे काकवीसारखा घट्ट माल्टचा पाक, साधारण १.७ किलोचा डबा, हॉप्सचा, म्हणजे बियरला चव देणाऱ्या एका वेलीच्या फुलांचा, कडूपणा त्यात आधीच उतरलेला. झाकणाच्या मोठ्या बादलीत गरम पाण्यात तो विरघळवायचा, किलोभर साखर घालायची, गार पाण्याने २३ लिटर करायचं आणि २० डिग्रीच्या आसपास आलं की यीस्ट भुरभुरवायचं. तासाभरात मोकळे.

धान्यात तो पाक तुम्हीच काढता. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्व करतात ना, सुरुवात तीच. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात, भरडलेलं माल्ट ६५ ते ६८ डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवलं की ते स्टार्चची साखर करतात. पातेल्यात जाळीची पिशवी लावून हे करता येतं, मग पिशवी उचलायची, हॉप्स टाकून तासभर उकळायचं आणि पटकन गार करायचं. धुण्या-पुसण्यासकट पाच-सहा तास जातात आणि घरभर वास सुटतो, मला तो फार आवडतो, बायकोला नाही.

चवीत धान्य पुढे आहे, यात मला शंका नाही. किटमध्ये साधी साखर जास्त पडली की बियर पातळ लागते, आणि डबा जुना असेल तर एक शिळा गोडसर वास राहतो, त्यामुळे तारीख बघून घ्या आणि परवडत असेल तर साखर न लागणारं, नुसत्या माल्टचं ३ किलोचं किट घ्या. सामान दर बॅचला धान्याचं स्वस्त पडतं, पण मोठं पातेलं, पिशवी, गार करायची तांब्याची कॉइल हा खर्च आधी होतो.

आता काय बिघडलं ते. किटची पहिली बॅच मी नोव्हेंबरात लावली, घर १५ डिग्रीला, पाचव्या दिवशी एअरलॉकचे, म्हणजे झाकणावरच्या गॅस बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या नळीतले, बुडबुडे थांबले आणि मला वाटलं झालं, मी बाटल्या भरल्या, फेस यावा म्हणून प्रत्येकीत अर्धा चमचा साखर घातली आणि कपाट हीटरशेजारी होतं हे लक्षातच आलं नाही. गारठ्यात यीस्ट नुसतं मंदावलं होतं, थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही तसंच, ऊब मिळाल्यावर ते उरलेली साखरही खायला लागलं आणि बंद बाटल्यांत गॅस कोंडला. आठवड्याने रात्री दोन बाटल्या फुटल्या आणि काच कपाटाच्या दारात रुतली. माझी मुलगी दिवसा तिथेच खेळते, आजही आठवलं की पोटात गोळा येतो. उरलेल्या बाटल्या मी हेल्मेट आणि जाड हातमोजे घालून बाहेर नेल्या. बुडबुडे बघून बाटल्या भरू नका, हायड्रोमीटरचा, म्हणजे द्रवात तरंगवून त्याची घनता दाखवणाऱ्या काचेच्या नळीचा, आकडा दोन-तीन दिवस तोच राहायला हवा, साखर संपत जाते तसा तो उतरतो, साध्या बियरला तो १.०४० वरून १.०१० च्या आसपास उतरतो.

धान्याच्या वेळी चूक वेगळी झाली. पाणी ८० डिग्रीचं होतं आणि घाईत मी माल्ट तसंच ओतलं. इतक्या उष्णतेत एन्झाइम लवकर मरतात, पाक घट्ट दिसला पण त्यात यीस्टला खाता येईल अशी साखर कमी होती, आकडा १.०२२ वर अडकला आणि बियर जड, गोड झाली. शिवाय नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायची गोळी टाकायची राहिली, त्यामुळे दवाखान्यासारखा वास आला आणि २० लिटर ओतून द्यावे लागले. दिवसभर राबून ओतून देताना फार वाईट वाटतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, पहिल्या दोन बॅच किटच्याच करा. भांडी निर्जंतुक ठेवणं, तापमान सांभाळणं, बाटल्या कधी भरायच्या हे ओळखणं दोन्हीकडे सारखंच लागतं आणि बियर बहुतेक वेळा तिथेच बिघडते. शिकताना तासाभराची मेहनत वाया गेलेली परवडते. ज्यांना रविवार अख्खा मोकळा आहे आणि स्वयंपाकाचा नाद आहे त्यांनी तिसऱ्या वेळी धान्याकडे वळावं, तेही १० लिटरचं, २० लिटरच्या पातेल्यात २ किलोच्या वर थोडं माल्ट घेऊन, कारण २३ लिटरच्या बॅचची ती ओली गरम पिशवी एकट्याने उचलणं धोक्याचं आहे. फ्लॅट लहान असेल तर किटवरच राहा, त्यात काही कमीपणा नाही. हायड्रोमीटर मात्र पहिल्याच दिवशी घ्या, काचेचा असतो, ओल्या हातातून निसटतो, तेव्हा दोन घ्या.