दोन भागांचा लेड एप्रन: आठ महिने वापरून झाल्यावर

कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेखाली बघत हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करतात त्या खोलीत, सिस्टर म्हणून मला चौदावं वर्ष चालू आहे. इतकी वर्षं मी एक्स-रे अडवणारा, पण पुढूनच झाकणारा आणि पाठीवर उघडा असलेला एप्रन घालत आले. डॉक्टर टेबलाकडे तोंड करून उभे असतात, त्यांचं त्यात भागतं. मला मात्र बलून, वायर, सिरिंज आणायला सारखं कपाटाकडे वळावं लागतं. नेमकं तेव्हाच एक्स-रे सुरू करणारं पेडल दाबलं गेलं, की माझी उघडी पाठ पेशंटकडे असते. आपल्या अंगावर येणारे किरण मुख्यतः पेशंटच्या शरीरातूनच विखुरतात, म्हणून ही पाठ मला सतत खुपायची.

नव्या एप्रनचे जाकीट आणि स्कर्ट असे दोन भाग आहेत. पाठीला ०.२५ मिमी शिशाइतकं संरक्षण मिळतं. पुढे पल्ल्यावर पल्ला येतो, तिथे ते ०.५ होतं. स्कर्टचा भार पट्ट्यामुळे कमरेवर येतो, त्यामुळे संध्याकाळी खांद्यांवर उठणारे वळ आता दिसत नाहीत. लांबलेल्या अँजिओप्लास्टीनंतर मान वळवता येते, याचं मोल मला शब्दांत सांगता येणार नाही. कापड शिसंविरहित आहे. असं कापड किती किरण अडवतं ते किरणांच्या ऊर्जेप्रमाणे बदलतं, म्हणून किती केव्हीला (एक्स-रे नळीच्या व्होल्टेजला) मोजलं ते लेबलवर छापलेलं बघून बरं वाटलं.

आता तक्रारी. पहिला नग अंगावर चढवण्याआधी आमच्या टेक्निशियनने तो टेबलावर पसरून फ्लुरोखाली (पडद्यावर चालू दिसणाऱ्या एक्स-रेखाली) तपासला. ऑटोमॅटिकवर यंत्र आपणहून डोस वाढवतं, म्हणून त्याने मॅन्युअल लावलं. काळ्या पडद्यावर उजव्या खांद्याच्या शिवणीजवळ नखाएवढी पांढरी रेघ उमटली. कंपनीचा माणूस म्हणाला, "शिवण आहे, दिसणारच." डाव्या शिवणीवर काहीच नव्हतं, ते दाखवल्यावर गप्प झाला. बदली नग यायला तीन आठवडे लागले.

दुसरी तक्रार काखेची. हात वर केला की बाहीच्या कापात माझी मूठ मावते, आणि तिथून छातीची बाजू उघडी पडते. आम्हा बायकांसाठी ही साधी गोष्ट नाही. काखेची झडप वेगळी मागवावी लागली, ती मुळातच जोडलेली हवी होती.

डोळ्यांचं काम एप्रन करत नाही. आयसीआरपी या किरण-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ मध्ये डोळ्याच्या भिंगासाठीची किरणांच्या डोसची वार्षिक मर्यादा १५० वरून २० मिलिसिव्हर्टवर आणली (पाच वर्षांची सरासरी). म्हणून शिशाचा चष्मा आणि छताला टांगलेली काच हवीच. सिने (एक्स-रे चित्रणाचं रेकॉर्डिंग) चालू असताना मी मागे सरकते. अंतर दुप्पट झालं की डोस साधारण पाव होतो.

आणि एक मनापासून सांगते. एप्रन चांगला मिळाला म्हणून पेडलवर पाय रेंगाळू देऊ नका. पेशंटला एप्रन नसतो, आणि त्याचा डोस घटला की आपलाही घटतो. यंत्राच्या मीटरवर पेशंटच्या डोसने ५ ग्रे (डोसचं एकक) ओलांडले की मी मोठ्याने आकडा सांगते, केसपेपरवर लिहिते आणि घरच्यांना पुढचे काही आठवडे पेशंटच्या पाठीची कातडी बघायला सांगते.

एप्रन घ्या, पण माप हात वर करून द्या. पुढचे पल्ले एकमेकांवर पूर्ण आले पाहिजेत. मी आधी एक नंबर लहान मागवला होता, मध्ये चार बोटांची फट राहिली. आणि घडी करू नका, चिरा पडतात. माझा हँगरवरच असतो.