दोन मिनिटांची माणसे आणि पाऊण तासाचे वांगे : दहा महिन्यांच्या सरावाचा अनुभव

गेल्या दसऱ्याला सुरू केलेल्या सरावाला आता, आषाढ सरता सरता, दहा महिने होत आले आहेत. सराव दुहेरी आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते सात या वेळात घड्याळ लावून मानवाकृतीची रेखांकने करायची आणि रविवारी 6 × 4 इंचांचे, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढे, मांडून ठेवलेल्या वस्तूंचे एक स्थिरचित्र रंगवायचे. शाळेत असताना चित्रकलेच्या इंटरमीजिएट ग्रेड परीक्षेत मला ‘ब’ श्रेणी मिळाली होती. त्यानंतर सव्वीस वर्षे पेन्सिल हातात होती ती केवळ हिशेबाच्या कामासाठी. त्यामुळे पुढील मजकूर नोकरी आणि घर सांभाळून पुन्हा कागदापुढे बसू पाहणाऱ्यांना उपयोगी पडेल, कलाशाळेत शिकणाऱ्यांना कदाचित पडणार नाही.

साहित्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पहिल्या महिन्यात मी ए-फोर आकाराच्या पाठकोऱ्या कागदांवर चित्रे काढली आणि ती चूक ठरली, कारण लहान कागदावर हात मनगटातून फिरतो आणि पाठीच्या कण्याची लांब रेषा तुटक येते. नंतर पुण्यातील अप्पा बळवंत चौकातून मोठ्या आकाराचा स्वस्त न्यूजप्रिंट कागद, एक ड्रॉइंग बोर्ड आणि कोळशाच्या कांड्या आणल्या. कोळशाने रेषा मोकळी झाली, पण घरातील विजेच्या बटणांवर काळी बोटे उमटू लागल्यावर मी साध्या बॉलपेनवर आले आणि तेच मला सर्वांत मानवले. पेनाची रेषा खोडता येत नसल्यामुळे ती काढण्यापूर्वी क्षणभर तरी थांबावे लागते.

वेळेच्या गणिताविषयी मात्र सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. ठरावीक सेकंदांनी आपोआप छायाचित्र बदलणारी संकेतस्थळे फुकट उपलब्ध आहेत, आणि माझा सुरुवातीचा अर्धा तास असा विभागलेला होता : तीस सेकंदांच्या दहा पोझ, एक मिनिटाच्या पाच, दोन मिनिटांच्या पाच आणि पाच मिनिटांच्या दोन. नवशिक्याने तीस सेकंदांपासूनच सुरुवात करावी, असा सल्ला सर्वत्र मिळतो. तीन महिने तो इमानेइतबारे पाळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, निदान माझ्यासारखीसाठी तो उलटा आहे. तीस सेकंदांत माझ्या कागदावर एक डोके आणि एक डावा खांदा एवढेच उतरत असे, कारण मी दर वेळी डोक्यापासून कडेची रेषा ओढत खाली येत होते आणि कमरेपर्यंत पोहोचण्याआधीच चित्र बदलत होते. घड्याळामुळे माझा वेग वाढला नाही, केवळ घाई वाढली. काय पाहायचे हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्याला तीस सेकंद पुरतात, आणि जे ठाऊक नाही ते तीस सेकंदांत शिकताही येत नाही.

संक्रांतीच्या सुमारास मी तीस सेकंदांच्या आणि एक मिनिटाच्या पोझ पूर्णपणे काढून टाकल्या. आता दोन मिनिटांच्या दहा आणि पाच मिनिटांच्या दोन एवढ्याच ठेवल्या असून, दोन मिनिटांपैकी पहिली वीस सेकंदे पेन कागदाला लावायचे नाही असा नियम केला आहे. त्या वीस सेकंदांत एकच प्रश्न विचारायचा : शरीराचा भार कोणत्या पायावर आहे? उभ्या माणसाने एका पायावर भार टाकला की त्या बाजूचा नितंब वर उचलला जातो, खांद्यांची रेषा बहुधा उलट दिशेने कलते आणि गळ्याखालची खळगी साधारणपणे भार घेणाऱ्या पावलाच्या वर येते. हे सर्व पुस्तकांत असते आणि मीही ते वाचले होते. पण ते मनात बसले ते आपल्याकडच्या मूर्तींमुळे. मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी वळलेला त्रिभंगातील मुरलीधर आणि दोन्ही पावलांवर सारखा भार देऊन, कमरेवर हात ठेवून उभा असलेला विठोबा यांना शेजारी शेजारी आठवले की खांद्यांची आणि कमरेची रेषा केव्हा समांतर राहते आणि केव्हा नाही, याचा उलगडा आपोआप होतो. त्यानंतर आधी कमरेची तिरकी रेषा, मग भाराचा पाय, मग कणा आणि सर्वांत शेवटी डोके असा क्रम मी लावला. माझ्या आकृत्या प्रथमच जमिनीवर उभ्या राहिल्या, पूर्वी त्या दोरीवर वाळत घातल्यासारख्या दिसत.

छायाचित्रांची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांतील माणसे बहुतेक नर्तकांसारखी कमावलेल्या देहाची असतात, नेसत्या लुगड्यातील किंवा धोतरातील माणूस जवळजवळ सापडतच नाही, आणि कॅमेऱ्याने जवळून टिपलेला हात आधीच वाजवीपेक्षा मोठा झालेला असतो. म्हणून महिन्यातून दोनदा मी मंडईत जाऊन भाजीवाल्यांची रेखांकने करते. तेथे घड्याळ आपल्या हाती नसते, ते समोरच्या माणसाच्या हाती असते. मात्र एक सोय असते : तराजू उचलणे, वाकून पिशवीत भाजी ओतणे, पुन्हा मागे रेलणे या हालचाली तोच माणूस दहा वेळा करतो, त्यामुळे एका पानावर तीन अर्धवट चित्रे सुरू ठेवून प्रत्येकात पुन्हा पुन्हा भर घालता येते. यंदा पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या तेव्हा लक्ष्मी रस्त्याच्या कडेला तासभर उभी राहून, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बायांचे अठरा-वीस आराखडे मी काढले. डोक्यावर भार असला की मान आणि कणा किती सरळ राहतो, हे कोणत्याही संकेतस्थळावर मला दिसले नव्हते.

आता रविवारच्या चित्रांविषयी. रंग गवाश, म्हणजे पाण्यात कालवायचे अपारदर्शक रंग, आणि छटा केवळ चार : पांढरा, पिवळा ऑकर (मातकट पिवळा), शेंदरी लाल आणि काळा. अँडर्स झॉर्न (1860–1920) या स्वीडिश चित्रकाराच्या नावाने ही रंगयोजना ओळखली जाते. तीत निळा नाही. उबदार रंगांच्या शेजारी पांढऱ्यात मिसळलेला काळाच निळसर भासतो आणि ऑकरमध्ये काळा घातला की हिरवट छटा मिळते. पितळी तांब्या रंगवण्यासाठी यापेक्षा सोयीची योजना मला सुचत नाही, कारण पितळेच्या सावलीत हाच हिरवटपणा असतो. लिंबू आणि हिरवी मिरची मात्र मळकट होतात, ते मान्य करून टाकावे लागते.

गवाशचा खरा त्रास वाळल्यावर सुरू होतो. फिकट छटा वाळून किंचित गडद होतात आणि गडद छटा फिकट होतात, त्यामुळे ओल्या रंगाशी जुळवलेला दुसरा हात वाळल्यावर ठिगळासारखा दिसतो. यावर मी शोधलेला उपाय म्हणजे प्रत्येक मिश्रणाचा एक ठिपका आधी कागदाच्या कडेला लावून वाळू देणे. एप्रिलच्या कोरड्या हवेत पॅलेटवरचे रंग दहा मिनिटांत कडक होत, तेव्हा पसरट डब्यात ओले फडके आणि त्यावर बटर पेपर घालून काम भागले. पावसाळ्यात तोच डबा दोन आठवडे झाकून ठेवल्यावर फडक्याला बुरशी आली.

उजेडाविषयीचा प्रसिद्ध सल्लाही पुण्यात तपासून घ्यावा लागतो. चित्रकाराने उत्तरेकडची खिडकी धरावी, कारण तेथे थेट ऊन येत नाही, असे युरोपातील परंपरा सांगते. पुणे मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो आणि उन्हाळ्यातील सकाळी तो पूर्वेच्याही बराच उत्तरेला उगवतो. माझ्या उत्तरेच्या खिडकीतून मे महिन्यात आठच्या सुमारास तिरपी तिरीप थेट मांडणीवर पडू लागली आणि वांग्याची सावली डोळ्यांदेखत सरकू लागली. तेव्हापासून पडदा ओढून टेबलावरचा एकच दिवा वापरते.

पहिल्या तीन-चार चित्रांना मी तीन-तीन तास घेतले आणि ती सर्व चिवडल्यासारखी झाली. एका रविवारी भरल्या वांग्यांसाठी आणलेले वांगे मी मांडून बसले होते. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, “झालं का गं तुझं? भाजी खोळंबलीय.” पाऊण तासाची मुदत मागून घेतली, डोळे किलकिले करून उजेडाचा एक, सावलीचा एक आणि पार्श्वभूमीचा एक असे तीनच मोठे भाग मांडले, देठ चार फटकाऱ्यांत उरकला आणि वांग्यावरची चकाकी शेवटच्या मिनिटाला एकदाच टेकवली. आजवरच्या एकतीस चित्रांपैकी भिंतीवर लावलेले पहिले चित्र ते. भार आधी शोधायचा आणि डोके शेवटी काढायचे, ही सकाळच्या सरावातील सवय रंगांत अशी उतरली. तेव्हापासून पंचेचाळीस मिनिटांची मर्यादा मी मोडलेली नाही. वेळेचा धाक आकृत्यांपेक्षा स्थिरचित्राला अधिक मानवतो, असे माझे प्रामाणिक मत आहे, कारण आकृतीत घड्याळ नसले तरी माणूस हलणारच असतो, तांब्या मात्र आपल्याला दिवसभर चिवडू देतो. जॉर्जो मोरांदी (1890–1964) यांनी बोलोन्यातील आपल्या खोलीत त्याच त्या बाटल्या आणि भांडी वर्षानुवर्षे रंगवली, हे वाचून पूर्वी नवल वाटे. आता एकच तांब्या सात वेळा मांडून झाल्यावर वाटत नाही.

जमलेले नाही तेही नोंदवते. हातांचे पंजे अजून हातमोज्यांसारखे येतात. समोरून आपल्याकडे रोखलेला पाय आखूड न दिसता तुटलेला दिसतो. दीडशेच्या आसपास दिवसांचा सराव झाला, तरी चेहरे मी बहुतांश टाळलेलेच आहेत. खर्च सुमारे चार हजार रुपये झाला. त्यातील मोठा वाटा रंगांचा, आणि त्यांपैकी घरपोच मागवलेल्या दोन ट्यूब आतून वाळलेल्या निघाल्या, म्हणून आता झाकण उघडून पाहता येईल अशा दुकानातूनच घेते.

येत्या महिन्यात मंडईत पुरंदरची सीताफळे येऊ लागतील. त्यांचा एकेक डोळा रंगवत बसले तर पाऊण तासात अर्धेही फळ होणार नाही, आणि डोळे गाळले तर ते सीताफळ दिसणार नाही. पहिल्या रविवारी तेच मांडणार आहे.