जळगावातली प्लेसमेंट कन्सल्टन्सी : पाइप कारखान्यात क्वालिटी बघणाऱ्याचा अनुभव

जळगावच्या एमआयडीसीत पाइप, ठिबक आणि चटईचे कारखाने भरपूर आहेत, त्यामुळे माझ्यासारख्या पीव्हीसी पाइपच्या क्वालिटी विभागातल्या माणसाला काम मिळू शकतं. अडचण वेगळीच आहे. इथे सगळे एकमेकांना ओळखतात. दुसरीकडे चौकशी केली की संध्याकाळपर्यंत आपल्या साहेबाला कळलेलं असतं. म्हणून मी कन्सल्टन्सीकडे गेलो. गोलाणी मार्केटमध्ये एक ताई हे काम करतात, मदतीला एक मुलगी. त्यांना विचारलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

आधी पैशांचं बोलतो, कारण आपल्याकडची मुलं तिथेच फसतात. ताई उमेदवाराकडून एक रुपया घेत नाहीत. त्यांचं बिल कंपनी भरते. साधारण वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. माणूस तीन महिन्यांच्या आत सोडून गेला तर बहुतेक करारांत बदली माणूस फुकट द्यावा लागतो. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "दादा, पैसे मला कंपनी देते. पण तुम्ही दोन महिन्यांत परत आलात तर नुकसान माझंच आहे. म्हणून जे आहे तेच सांगेन." माझ्या पाचोऱ्याच्या मावसभावाकडून एका ठिकाणी रजिस्ट्रेशन आणि गेटपासच्या नावाखाली साडेतीन हजार घेतले आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं. घरी कापसाचे पैसे आले होते, त्यातून दिलेली रक्कम होती ती. मला या प्रकाराची फार चीड आहे. नोकरीसाठी उमेदवाराकडे पैसे मागणाऱ्याच्या ऑफिसातून उठून यावं.

पुण्याहून फोन करणारे रिक्रूटर पैसे मागत नाहीत, पण त्यांना काम कळत नाही. "सर, मोल्डिंगचा एक्स्पीरियन्स किती?" मी एक्स्ट्रूजनवाला, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक डायमधून सलग ढकलून पाइप काढतात त्या कामातला. मोल्डिंग म्हणजे साच्यात सुटे भाग पाडणं. हे सांगूनही पुढचा प्रश्न मोल्डिंगचाच. कंपनीचं नाव विचारलं की "लीडिंग एमएनसी, चाकण". ऑन रोल (थेट कंपनीचा माणूस) की ऑफ रोल (ठेकेदाराचा), याचं उत्तर तर शेवटपर्यंत मिळत नाही. पगार ठेकेदाराच्या नावाने होणार हे रात्रभर महाराष्ट्र एक्सप्रेसने जाऊन गेटवर कळलं, असं माझ्या लाइनवरच्या एका मुलाचं झालं.

ताईंनी माझा बायोडाटा समोर घेऊन पेन काढला. "हार्डवर्किंग, सिन्सियर" हे सगळं खोडलं. मग विचारलं, रोज हातानं काय करता ते सांगा. मी सांगत गेलो आणि त्या लिहीत गेल्या. आयएस 4985 या पीव्हीसी पाइपच्या भारतीय मानकाप्रमाणे पाइपची तपासणी, भिंतीची जाडी, प्रेशर टेस्ट, रिव्हर्जन (तापवल्यावर पाइप किती आकसतो), इम्पॅक्ट (आघात सोसतो का), ओपॅसिटी (आरपार उजेड जातो का), आणि बीआयएस म्हणजे मानक ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या ऑडिटची कागदपत्रं. दोन पानांचं एक पान झालं. पाइपच्या धंद्यातला कोणीही ते पान वाचून मला काय येतं ते ओळखेल.

पगाराचा हिशोबही त्यांनीच मांडून दिला. नाशिकच्या कंपनीची ऑफर वर्षाला 4 लाख 20 हजारांची होती. मी मनात महिन्याचे 35 हजार धरले होते. त्यांनी त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800, ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के म्हणजे बेसिक 15 हजारांवर सातशेवीसच्या आसपास, आणि वर्षाला एकदा मिळणाऱ्या बोनसचे महिन्याला 1,250 बाजूला काढले. मग माझा पीएफ 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्स 200. हातात येणार 29 हजारांच्या थोडे वर. नाशिकला अंबडजवळ खोली घेऊन राहायचं तर हा आकडा आधीच कळायला हवा. त्यावरून मी कंपनीच्या बसची मागणी केली आणि ती मान्य झाली.

त्याआधी एका कंपनीने मला नाकारलं होतं. तेही ताईंनी फोन करून कळवलं, कारणासकट : त्यांना एचडीपीई, म्हणजे पीव्हीसीहून वेगळ्या प्लास्टिकच्या, पाइपवर काम केलेला माणूस हवा होता. बाकी रिक्रूटर इंटरव्ह्यूनंतर गायबच होतात. "नाही" कळलं की माणूस दुसरीकडे मोकळ्या मनाने जातो. नुसतं वाट बघत बसणं फार वाईट, त्यात घरचे रोज विचारतात.

उणिवाही आहेत. दुपारी ऑफिस बंद असतं आणि बाहेर तसं लिहिलेलं नाही. धुळे-नंदुरबारकडच्या कंपन्या त्यांच्याकडे जवळजवळ नाहीतच. आयटीचं काम त्या घेत नाहीत, तसं तोंडावर सांगतात. अनुभव नसलेल्या मुलांना त्या रोजगार मेळाव्याला जायला सांगतात. हे मला थोडं खटकलं, कारण नीट बायोडाटा लिहून देणाऱ्याची सर्वांत जास्त गरज त्यांनाच आहे.

तरी पाचपैकी साडेचार. जाताना शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारस्लिपा, पीएफ खात्याचा यूएएन नंबर आणि नोटीस पीरियड लिहिलेलं अपॉइंटमेंट लेटर सोबत न्या. हे सगळं पाहिल्याशिवाय त्या कुठेही नाव पाठवत नाहीत.