दालात की बुओन मा थुओट?

व्हिएतनामच्या मध्य पठारावर खाण्या-पिण्यासाठी जायचं म्हटलं की ही दोन शहरं समोर येतात. हो ची मिन्ह सिटीतून दोन्हीकडे विमानानं तासाभरात, नाहीतर रात्रीच्या स्लीपर बसनं पोचता येतं (दालात सुमारे ३०० किलोमीटर, बुओन मा थुओट सुमारे ३५०). त्यामुळे प्रवासाचा मुद्दा सोडून द्या. प्रश्न एवढाच, की तुम्ही मुळात खायला निघालात की कॉफी प्यायला? जाहिरातींत दोन्ही शहरं दोन्ही गोष्टींचा दावा करतात, पण माझ्या मते दालात हे खाण्याचं गाव आहे आणि बुओन मा थुओट कॉफीचं.

दालात सुमारे १,५०० मीटरवर आहे. १८९३ साली अलेक्सांद्र येर्सां या डॉक्टरानं हे पठार हेरलं आणि पुढे फ्रेंचांनी तिथे आपलं थंड हवेचं ठिकाण वसवलं. (हाच येर्सां १८९७ साली प्लेगवरचं सीरम घेऊन मुंबईत आला होता.) तळं, पाइनची झाडं, स्ट्रॉबेरी हे सगळं पाहून महाबळेश्वर आठवेल. गर्दीही तशीच.

दालातचं खाणं थंडीनं घडवलंय. जे काही मिळतं ते निखाऱ्यावरून उतरलेलं किंवा वाफाळतं. बान्ह कान बघून तर आपल्याला घरच्यासारखंच वाटतं. मातीचं आप्पेपात्र, त्यात तांदळाचं पीठ, वर फोडलेलं अंडं आणि झाकण. फक्त सोबत नारळाच्या चटणीऐवजी माशाच्या सॉसचं पाणी असतं, बहुतेकदा त्यात डुकराच्या मांसाचे गोळे. सकाळी त्याच गोळ्यांच्या रश्शात पाव बुडवून खातात, ते बान्ह मी सिउ माय. संध्याकाळी बान्ह त्रांग नुओंग खा. तांदळाचा पातळ पापड कोळशावर भाजत त्यावर अंडं, कांद्याची पात, सुकट पसरतात. ‘दालातचा पिझ्झा’ हे नाव त्याला उगाच चिकटलंय, पापड म्हणून तो जास्त चांगला आहे. रात्रीच्या बाजारात गरम सोयाबीनचं दूध मिळतं आणि केम बो, म्हणजे घोटलेल्या अव्होकाडोवर आइस्क्रीम. चारपाच जण असाल तर लाऊ गा ला ए मागवा. कोंबडीच्या उकळत्या रश्शात तुळशीच्या कुळातला लिंबाच्या वासाचा पाला मूठमूठ टाकत जेवायचं.

बुओन मा थुओट सुमारे ५०० मीटरवर, उष्ण. मार्च-एप्रिलमध्ये तर चांगलंच तापतं. इथली खासियत म्हणजे बुन दो, शेंद्रीच्या बियांनी लाल केलेल्या जाड शेवया, खेकड्याचा रस्सा आणि लावीची अंडी. बान्ह उओत हे तांदळाच्या ओलसर पापड्यांचं खाणं छोट्या बशांतून येतं, बशा एकावर एक चढत जातात आणि शेवटी त्या मोजून बिल होतं. इथल्या एदे आदिवासींच्या जेवणात बांबूच्या नळीत शिजवलेला भात, भाजलेली कोंबडी आणि कडू वांगी असतात. चव रांगडी आहे आणि मला आवडते. पण चार दिवस रोज नवीन काही हवं असेल, तर दालातची यादी लांब आहे.

शाकाहारी मंडळींसाठी एक वाक्य: ‘तोय आन चाय’. कानाला ‘आण चहा’सारखं लागतं, अर्थ मात्र ‘मी शाकाहारी आहे’. दोन्ही शहरांत ‘चाय’ लिहिलेल्या खाणावळी आहेत. पौर्णिमेला आणि त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी अनेक बौद्ध लोक मांसाहार टाळतात, तेव्हा हे जेवण सहज मिळतं. तरी घरात कट्टर शाकाहारी असतील तर मी दालातच सांगेन. भाज्या तिथेच पिकतात. बुओन मा थुओटमध्ये बांबूतला भात आणि तीळ-शेंगदाण्याची कोरडी चटणी यावर किती दिवस काढणार?

आता कॉफी. दालातजवळच्या काउ दातला उंचीमुळे अरेबिका जातीची कॉफी पिकते. हलकी भाजलेली, आंबटसर, फळांच्या वासाची. पहाटे दरीत ढग उतरलेले पाहत ती प्यायची सोय असलेले कॅफे ढिगानं आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी कपापेक्षा फोटोची काळजी जास्त घेतात. शिवाय रस्त्यावरच्या साध्या दुकानात दालातमध्येही बहुधा रोबस्टा ही दुसरी जातच मिळते.

ती रोबस्टा प्यायची तर बुओन मा थुओटलाच. भोवती बेसॉल्टची तांबडी माती आणि नजर जाईल तिथवर मळे. रोबस्टात व्हिएतनाम जगात पहिला आहे आणि त्या पिकाची राजधानी ही. त्रुंग न्गुयेन कंपनी १९९६ साली इथेच सुरू झाली, २०१८ साली तिनं कॉफीचं संग्रहालयही उघडलं. पण खरी मजा फुटपाथवरच्या बुटक्या खुर्चीत आहे. पेल्यावर फिन हे छोटं गाळणं ठेवतात आणि थेंब थेंब पडत राहतात. आपल्याकडच्या फिल्टर कॉफीची सवय असलेल्याला ते नवं नाही, फक्त दुधाच्या जागी तळाशी कंडेन्स्ड मिल्क असतं. सोबत गार चहाचा पेला फुकट. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, तेव्हा संध्याकाळी जपून.

जायचं कधी? फेब्रुवारी-मार्चमध्ये बुओन मा थुओटचे मळे पांढऱ्या फुलांनी भरतात, वास जाईसारखा. तोडणी पाहायची तर नोव्हेंबर-डिसेंबर. मे ते ऑक्टोबर पाऊस.

तीनच दिवस असतील, बरोबर मुलं किंवा आईवडील असतील, तर दालात. एकटे किंवा कॉफीवेड्या मित्राबरोबर असाल तर बेलाशक बुओन मा थुओट. आठवडा हाताशी असेल तर आधी बुओन मा थुओट, मग लाक तळ्यावरून जाणाऱ्या २७ नंबरच्या घाटरस्त्यानं दालात. अंतर सुमारे २०० किलोमीटर, पण वळणांमुळे अर्धा दिवस मोडतो.

उदमांजराच्या विष्ठेतल्या बियांची कॉफी दालातच्या बाजूला फार आग्रहानं दाखवतात. पिंजऱ्यातली ती जनावरं पाहून माझी तरी इच्छा मेली. घरी न्यायला बुओन मा थुओटहून रोबस्टाच घ्या, पण दळलेली नको. पुडीत भाजलेला मका किंवा सोयाबीन मिसळलेला असू शकतो. अख्ख्या बिया मागा आणि ‘न्गुयेन चात’, म्हणजे शुद्ध, असं लिहिलंय का ते बघा.