स्प्लेंडरचं हाफ इंजिन आणि एक लिटर डिझेल: आठ महिन्यांनंतर

हाफ इंजिन, म्हणजे हेड, सिलिंडर आणि पिस्टन असा इंजिनाचा वरचा भाग, उघडलं की हात आधी पिस्टनच्या डोक्याकडे जातो. काळंकुट्ट दिसतं, घासायला सोपं असतं आणि चकचकीत झालं की काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. 97.2 सीसीच्या जुन्या हीरो होंडा स्प्लेंडरचा बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती सिलिंडरची नळी) शाबूत होता, म्हणून रिंगसेट, व्हॉल्व्ह सील आणि पॅकिंग एवढंच नवीन घेतलं. कार्बन घरीच काढला. त्याला आता आठ महिने आणि साडेसहा हजार किलोमीटर झाले. निकाल चांगला आहे, पण श्रेय डोक्याच्या चकाकीचं नाही. ते पिस्टनवर रिंग जिथे बसतात त्या खाचांचं आहे.

सामान फुटकळ: एक लिटर डिझेल, झाकणाचा डबा, कार्ब क्लीनरचा (कार्ब्युरेटर साफ करायच्या स्प्रेचा) एक कॅन, पितळी ब्रश, जुने टूथब्रश, आइस्क्रीमच्या काड्या. शिवाय गाडीतून निघालेली जुनी रिंग. ती भंगारात टाकू नका.

पिस्टन डिझेलमध्ये दोन रात्री पूर्ण बुडालेला हवा. डिझेल कार्बन विरघळवत नाही. थराच्या फटींत शिरून त्यातला चिकट, जळका तेलकटपणा सैल करतं, मग थर काडीने खवल्यांसारखा सुटतो. न सुटलेला भाग परत बुडवायचा, तिथे स्क्रूड्रायव्हर चालवायचा नाही. पिस्टन आणि हेड ॲल्युमिनियमचे आहेत. चरा पडला की पुढचा कार्बन तिथेच घट्ट बसतो. हेडच्या पॅकिंगच्या जागी पडलेला चरा तर सरळ कॉम्प्रेशन लीक करतो.

कार्ब क्लीनरकडून फार अपेक्षा नको. नुसता फवारला तर काम करायच्या आत उडून जातो. सुती चिंधी थरावर ठेवून ती भिजवली, वरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि अर्धा तास सोडली, तर एक्झॉस्ट पोर्टमधला दगडासारखा थरही ढिला होतो. व्हॉल्व्ह सील आधी काढून ठेवा, रबर फुगतं. काम उघड्यावर करा, आसपास पेटती शेगडी नको.

कॉस्टिक सोडा किंवा सोड्याचा ओव्हन क्लीनर वापरायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. सोडा ॲल्युमिनियम खातो. वर येणारा फेस म्हणजे हायड्रोजन, आणि तेवढी धातू गेलेली असते. खाचेचं माप एकदा बिघडलं की पिस्टन भंगार. संडास धुवायच्या ॲसिडची गत तीच. वाळूचं ब्लास्टिंग स्वस्तात करून मिळतं, पण तेलाच्या भोकात अडकलेला एक कण पुढे बोअर ओरबाडतो. एमरी पेपरही बाजूलाच ठेवा.

आता खाचा. जुनी रिंग मधोमध मोडा, तुटलेलं टोक ऑइलस्टोनवर काटकोनात घासून घ्या. वरच्या रिंगचा तुकडा वरच्याच खाचेत, दुसरीचा दुसरीत, कारण जाडी जुळली पाहिजे. टोक खाचेत धरून पिस्टनभोवती ओढत न्यायचं. आधी खरखर आवाज येतो, काळी भुकटी आणि बारीक सळ्या निघतात. मग आवाज मऊ होतो, तळाशी पांढरी धातू दिसते. तिथेच थांबायचं, आणखी एक फेरी म्हणजे धातू खरवडणं. नंतर नवी रिंग उलटी धरून तिची बाहेरची कड खाचेत दाबा आणि सगळीकडे फिरवा. ती पिस्टनच्या पृष्ठभागाच्या आत बुडली पाहिजे. कुठे वर उरली तर तिथे कार्बन शिल्लक आहे. रिंग बसवल्यावर बाजूने 0.10 मिमीची फीलर पाती (फट मोजायची पातळ पट्टी) आरामात शिरली, तर खाचच झिजली आहे. तिथे सफाईचा उपयोग नाही, पिस्टन बदला.

ऑइल रिंगच्या खाचेतली भोकं बहुतेक जण विसरतात. रिंगने खरवडलेलं तेल तिथून खाली परत जातं. भोकं बुजली की तेल वर चढतं, जळतं आणि नवा कार्बन तयार करतं. बोअर ठणठणीत असून निळा धूर येतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. तांब्याची तार फिरवा आणि टॉर्च धरून प्रत्येक भोकातून आरपार उजेड दिसतो का बघा.

व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला पितळी ब्रश चालतो, सीटला टेकणाऱ्या कडेवर नाही. व्हॉल्व्ह सीटवर पेस्ट लावून घासला (लॅपिंग) की ती पेस्ट डिझेलने धुवा, मग साबणाच्या पाण्याने. बोअरलाही साबणपाणी, पण पुसल्या क्षणी तेलाचा हात फिरवा, नाहीतर तांबूस गंज धरतो. जोडणीआधी हेड उलटं ठेवून, प्लग लावून चेंबरमध्ये पेट्रोल भरा. पाच मिनिटांत पोर्ट ओले झाले तर लॅपिंग पुन्हा. सुटलेला कचरा थोडाफार राहतोच, म्हणून पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरला बदला.

आठ महिन्यांनंतर प्लगचं पोर्सलीन फिकट तपकिरी आहे. आधी दोन हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल ओतावं लागायचं, आता दोन बदलांच्या मध्ये टॉप-अप नाही. चढावर येणारी टकटक थांबली. एक खोट मात्र राहिली. सकाळच्या पहिल्या किकला निळा झुबका निघतो आणि अर्ध्या मिनिटात विरतो. सील नवीन असला तरी इनलेट व्हॉल्व्हची गाइड, म्हणजे त्याची दांडी ज्यात सरकते ती नळी, ढिली आहे. गाइड दाबून बसवायची आणि रीमर मारायचा म्हणजे लेथवाल्याकडे जाणं आलं, आणि ते या बजेटबाहेरचं काम.