फोन, बँड की व्हिडिओवरचा वर्ग? कॅन्सरच्या उपचारांनंतर काय निवडावं

उपचार संपले की ‘चालत राहा’ असं सगळेच सांगतात. किती आणि कसं, ते कुणी सांगत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेला ढोबळ हिशेब असा: आठवड्यातून 3 वेळा 30 मिनिटं मध्यम व्यायाम आणि 2 वेळा स्नायूंच्या ताकदीचा. पावलं मोजून यातला दुसरा भाग होत नाही, हे खर्च करण्याआधी ध्यानात घ्यावं.

सुरुवातीला फोनमधलं पावलांचं अ‍ॅप पुरतं. फक्त फोन खिशात हवा. तो टेबलावर पडून राहिला तर घरातल्या घरात झालेलं चालणं मोजलंच जात नाही, आणि थकवा असताना बरंचसं चालणं घरातच होतं.

मनगटावर बांधायचा फिटनेस बँड अंगावर राहतो, ही त्याची जमेची बाजू. पण तो हाताच्या हालचालीवरून पावलं ओळखतो. वॉकर धरला किंवा चाल मंद असली की आकडा कमी येतो. अशांनी कमरेला अडकवायचं यंत्र घ्यावं. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर बँड दुसऱ्या हाताला बांधावा. नाडीच्या आकड्यावरही विसंबू नये: बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी ठेवणारं औषध) चालू असेल तर नाडी नेहमीइतकी चढत नाही. बोलता येतंय पण गाता येत नाही, इतपत दम लागला की व्यायाम मध्यम समजावा.

फोन किंवा बँडमध्ये 10,000 पावलांचं लक्ष्य आधीपासूनच ठरवून दिलेलं असेल तर ते काढून टाका. आधी 7 दिवस नुसतं मोजा. सरासरी 2,800 आली तर पुढच्या आठवड्यात रोज 280, म्हणजे दहा टक्के, वाढवा. अंग साथ देत असेल तरच पुढचा टप्पा. केमो अजून चालू असेल तर लक्ष्य रोजचं नको, आठवड्याचं ठेवा आणि सलग दिवसांची मोजणी बंद करा. केमोनंतरचे पहिले काही दिवस ती मोडणारच, आणि त्या वैतागात बँड ड्रॉवरमध्ये जातो.

ताकदीच्या व्यायामाला व्हिडिओवरचा वर्गच बरा, तोही थेट. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ तुमची चूक पाहत नाही. डोक्यापासून पायापर्यंत दिसाल इतका कॅमेरा लांब ठेवा. केमोने तळपाय बधिर झाले असतील तर मजबूत खुर्ची भिंतीला टेकवून जवळ असू द्या. कॅन्सर हाडांत पसरला असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांची परवानगी आणि पहिली काही सत्रं फिजिओथेरपिस्टसमोर प्रत्यक्ष.

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर बँडऐवजी थेट वर्गावर घाला. पावलं फोन मोजेल. दर आठवड्याचा आकडा वर्ग घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टला पाठवा.